खदीजाबीबींची निवड

रविवारच्या वर्तमानपत्रातल्या वधू-वरांच्या छोट्या जाहिराती मी न चुकता वाचते. माझ्या लग्नाचं वय उलटून जमाना झाला, तरी वाचते. कवितेत शब्द मोजून वापरावे लागतात, तसे ते या जाहिरातींतही मोजून वापरलेले असतात, कारण तिथं शब्दागणिक पैसे पडतात. आणि एवढ्या काटकसरीतही एक शब्द हमखास जागा पटकावतो. ‘विनापत्य’. घटस्फोटित चालेल, पण विनापत्य. विधवा चालेल, पण विनापत्य. पंचेचाळिशीचा बिजवर, त्याला स्वतःची दोन मुलं, आणि त्याला हवी असते पस्तिशीच्या आतली विनापत्य. उर्दू वर्तमानपत्रांत अशा लग्नाला ‘अक्द-ए-सानी’ म्हणतात. शब्द भारदस्त आहे, अट तीच आहे.

श्रोतेहो, आज ज्या बाईंविषयी मला बोलायचं आहे, त्या या जाहिरातींत कुठंच बसल्या नसत्या. वय चाळीस. दोनदा विधवा झालेल्या. पदरी मुलं. आणि ज्याच्याशी लग्न करावंसं त्यांच्या मनात आलं, तो पंचवीस वर्षांचा, त्यांच्याच व्यापारात काम केलेला तरुण. त्यांचं नाव हजरत खदीजा. आमच्या घरांतून त्यांना खदीजाबीबी म्हणतात. तो तरुण म्हणजे मुहम्मद (स.), ज्यांना आम्ही मुसलमान अल्लाहचे प्रेषित मानतो. हे लग्न मक्केत इसवी सन ५९५च्या सुमारास झालं.

वयाबद्दल सगळ्यांचं एकमत नाही, हे आधीच सांगते. चाळीस हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे. पण लग्नाच्या वेळी त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या असंही एक कथन जुन्या चरित्रग्रंथांत आढळतं. तसंच शिया विद्वानांपैकी काही जण त्यांची आधी लग्नं झाली होती हेच मानत नाहीत. मी सुन्नी परंपरेतल्या चरित्रकारांना धरून बोलते आहे. आकडा कुठलाही घेतला, तरी त्या मोठ्या होत्या आणि तो लहान होता, हे या कथनांत बदलत नाही.

खदीजाबीबी व्यापारी होत्या. त्या काळची अरबस्तानातली रीत अशी, की भांडवल एकाचं, मेहनत दुसऱ्याची आणि नफ्यात दोघांचा वाटा. त्यांचा माल तांड्यांबरोबर शामकडे, म्हणजे आजच्या सीरियाच्या दिशेला जायचा. तो घेऊन जायला प्रामाणिक माणूस हवा होता. मक्केत ज्या तरुणाला लोक ‘अमीन’, म्हणजे विश्वासू म्हणत, त्याला त्यांनी हे काम दिलं आणि सोबत आपला गुलाम मैसरा पाठवला. तांडा परतला तेव्हा नफा चांगला झाला होता. पण बाईंनी नुसता हिशेब ऐकला नाही. वाटेत हा माणूस कसा वागला, कुणाशी कसं बोलला, हे मैसराकडून ऐकून घेतलं. मला हे फार आवडतं. मुलगा बघायला दहा मिनिटं बसून चहा-पोहे खाणाऱ्या आपल्या लोकांनी यातून काही घेण्यासारखं आहे. माणूस प्रवासात आणि पैशाच्या व्यवहारात जेवढा कळतो, तेवढा दिवाणखान्यात कळत नाही.

कुरैश टोळीतल्या प्रतिष्ठित लोकांनी त्यांना मागण्या घातल्या होत्या. त्यांनी नाकारल्या होत्या. आता त्यांनी स्वतःच पाऊल उचललं. काही चरित्रकार सांगतात, की त्यांनी थेट निरोप धाडला. दुसऱ्या कथनात नफीसा नावाची त्यांची मैत्रीण मध्ये आहे, आणि ते कथन मला अधिक जिवंत वाटतं. नफीसा त्या तरुणाकडे गेली आणि तिनं विचारलं, की तू लग्न का करत नाहीस? तो म्हणाला, की लग्न करायला हातात काही नाही. मग तिनं हळूच पुढचा प्रश्न टाकला, की ती अडचण नसेल आणि रूप, घराणं, ऐश्वर्य असलेली कुणी तयार असेल तर? त्यानं विचारलं, कोण? तिनं नाव सांगितलं. तो गोंधळला, की हे कसं जुळायचं? नफीसा म्हणाली, ते माझ्याकडे लागलं. अशी एक नफीसा प्रत्येक मोहल्ल्यात आणि प्रत्येक वाड्यात असते. इतिहासात तिला दोन ओळी मिळतात. पण तिच्यावाचून कित्येक लग्नं झालीच नसती.

इथपर्यंतची गोष्ट मिलादच्या मजलिशीत आम्ही लहानपणापासून ऐकली. माझी तक्रार आहे ती पुढच्या भागाबद्दल.

एकोणिसाव्या शतकात विल्यम म्यूरसारख्या युरोपीय चरित्रकारांनी पैगंबरांच्या पुढच्या काळातल्या विवाहांवर टीका केली. सर सय्यद अहमद खान यांच्यासारख्यांनी म्यूरच्या चरित्राला ग्रंथ लिहून उत्तर दिलं. त्या वादविवादातून एक युक्तिवाद तयार झाला, आणि तो आजही प्रवचनांतून ऐकू येतो. तो असा, की पाहा, ऐन तारुण्यात त्यांनी चाळीस वर्षांच्या विधवेशी लग्न केलं आणि ती असेपर्यंत दुसरी बायको केली नाही. मग त्यांना देहाची ओढ होती असं कोण म्हणेल? वक्ता हे जोरात सांगतो आणि लोक माना डोलावतात.

मी मागच्या बाजूला बायकांमध्ये बसून हे ऐकते, तेव्हा मला प्रश्न पडतो, की यात खदीजाबीबींचं काय झालं? पैगंबरांचा बचाव करता करता आपण त्यांना पुरावा करून टाकलं. चाळिशीच्या, मुलं असलेल्या बाईवर कुणा तरुणाचं मनापासून प्रेम बसणं शक्य नाही, म्हणून हे लग्न ओढीशिवायचं, असा त्याचा अर्थ निघतो. बोलणाऱ्याच्या मनात तसं नसतं. ऐकणाऱ्या बाईच्या मनात मात्र ते बरोबर जाऊन बसतं.

आणि आपल्याच ग्रंथांत याच्या उलट किती तरी सापडतं. पंचवीस वर्षांच्या आसपास त्यांचा संसार झाला. कासिम, अब्दुल्लाह, जैनब, रुकय्या, उम्मे कुलसूम आणि फातिमा अशी सहा मुलं झाली. दोन्ही मुलगे लहानपणीच गेले. सन ६१०मध्ये हिरा गुहेत पहिला दिव्य संदेश आल्यावर ते थरथरत घरी आले आणि म्हणाले, मला पांघरूण घाला. ते आले ते बायकोकडेच. तिनं पांघरूण घातलं, धीर दिला आणि मग त्यांना आपले चुलतभाऊ वरका यांच्याकडे नेलं. कुरैशांनी त्यांच्या कुळावर बहिष्कार टाकला, ती वर्षंही त्यांनी सोबत काढली. सन ६१९मध्ये खदीजाबीबी गेल्या. त्याच वर्षी चुलते अबू तालिबही गेले. मुसलमान इतिहासात त्या वर्षाचं नावच ‘दुःखाचं वर्ष’ आहे.

पाच वर्षांनी, सन ६२४मध्ये बदरची लढाई झाली. कैद्यांमध्ये पैगंबरांचे जावई, थोरल्या जैनबचे पती अबुल आस होते. ते तेव्हा विरुद्ध बाजूनं लढले होते. जैनब मक्केत होती. नवऱ्याच्या सुटकेसाठी तिनं जे पाठवलं, त्यात एक गळ्यातला हार होता. लग्नात आईनं दिलेला. पैगंबरांनी तो पाहिला आणि त्यांना भरून आलं. हा हार कुणाच्या गळ्यात होता, ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी साथीदारांना विचारलं, की तुम्हाला योग्य वाटत असेल तर कैदीही सोडा आणि हारही परत पाठवा. साथीदारांनी तसंच केलं.

त्यांच्या तरुण पत्नी हजरत आयशा यांनी स्वतः सांगितलेली हकीकत तर सगळ्यांत बोलकी आहे. घरी बकरं कापलं, की पैगंबर त्यातले वाटे खदीजाबीबींच्या जुन्या मैत्रिणींकडे पाठवत. एकदा खदीजाबीबींची बहीण हाला दारात आली. तिचा आवाज बहिणीसारखा होता, आणि तो ऐकून पैगंबर हललेच. आयशा चिडून म्हणाल्या, की ती दात पडलेली म्हातारी, कधीच जाऊन बसली, तिची एवढी आठवण कशाला? अल्लाहनं तुम्हाला तिच्याहून चांगली बायको दिली आहे. त्यावर उत्तर मिळालं, की तिच्याहून चांगली दिलेली नाही. लोकांनी नाकारलं तेव्हा तिनं विश्वास ठेवला. म्हणजे ‘त्या मोठ्या वयाच्या बाईत असं होतं तरी काय’ हा प्रश्न खुद्द त्या घरातही विचारला गेला होता. आयशांचा मोठेपणा असा, की आपला मत्सर आणि ते उत्तर, दोन्ही त्यांनीच जगाला सांगितलं.

आता मुलांकडे येते. ‘विनापत्य’ हा शब्द मला त्यांच्यासाठीच खुपतो.

खदीजाबीबींना अबू हाला या आधीच्या पतीपासून हिंद नावाचा मुलगा होता. अरबस्तानात हे नाव बाईचंही असतं, पुरुषाचंही. इमाम तिरमिजी यांच्या ‘शमाइल’ या ग्रंथात पैगंबरांच्या रूपाचं आणि वागण्याचं एक लांबलचक, बारीक वर्णन आहे. नातू हसन यांनी मोठेपणी आपल्या मामाला विचारलं, की आजोबा कसे दिसायचे ते मला सांग. तो मामा म्हणजे हा हिंद. उतारावरून चालावं तशी त्यांची चाल, कुणाकडे वळायचं तर नुसती मान न वळवता पूर्ण वळणं, बोलताना हाताच्या हालचाली, राग आला की काय करत, आनंद झाला की नजर कशी खाली जाई, हे सगळं त्यात आहे. या कथनाच्या साखळीबद्दल हदीसच्या जाणकारांनी शंका घेतल्या आहेत. पण पिढ्यान्‌पिढ्या मुसलमानांनी ज्या वर्णनातून आपल्या नबींना डोळ्यांसमोर आणलं, त्यातलं एक सावत्र मुलाच्या तोंडचं आहे. आईनं घरात आणलेल्या माणसाकडे पोरानं किती निरखून पाहिलं असेल! सावत्र बापाकडे मुलं तशी पाहतातच. पण आधी तपासण्यासाठी पाहतात. प्रेमानं पाहायला वेळ लागतो.

दुसरं उदाहरण उम्मे सलमा यांचं. त्या विधवा झाल्या तेव्हा त्यांची मुलं लहान होती. पैगंबरांची मागणी आली तेव्हा त्यांनी अडचणी स्पष्ट सांगितल्या, की माझं वय झालं आहे, माझा स्वभाव मत्सरी आहे आणि मला मुलं आहेत. मुलांबद्दल उत्तर मिळालं, की तुझी मुलं ती माझीच. त्यांचा मुलगा उमर याच घरात वाढला. मुसलमान घरात लहान मुलाला जेवताना पहिली शिकवण असते, की बिस्मिल्ला म्हण, उजव्या हातानं खा, आपल्या समोरचं खा. ही शिकवण या उमरला दिलेली आहे. त्याचा हात थाळीभर फिरत होता, असं त्यानंच मोठेपणी सांगितलं. लाखो घरांत रोज बोललं जाणारं हे वाक्य एका माणसानं आपल्या सावत्र मुलाला एका थाळीत जेवताना सांगितलेलं आहे, हे किती जणांना माहीत असतं?

हे सगळं असताना कायद्यात काय झालं? आपल्याकडे हनफी मुसलमानांना लागू होणाऱ्या व्यक्तिगत कायद्यात आईला लहान मुलांचा ताबा मिळतो, मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. त्याला ‘हिजानत’ म्हणतात. मात्र आईनं मुलांच्या निकटच्या नात्याबाहेरच्या माणसाशी लग्न केलं, तर हा हक्क जातो. यालाही एका हदीसचा आधार दिला जातो. बापानं दुसरं लग्न केलं तर त्याचं काही जात नाही. १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्यानं न्यायालयाला मुलाचं हित पाहावं लागतं, आणि त्या आधारे मुलं आईकडे राहू शकतात. पण वकील, तारखा, फिया हे सगळं पार करून तिथपर्यंत पोचायचं असतं.

हे फक्त मुसलमानांचं दुखणं आहे असं मात्र कुणी समजू नये. १८५६च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्यानं लग्नाची परवानगी दिली आणि त्याच कायद्यानं पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीतला हक्क काढून घेतला. मुलांसाठी दुसरा पालक नेमावा असा अर्ज करायची वाटही नवऱ्याच्या नातेवाइकांना करून दिली. तो कायदा १९८३मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रातल्या अनेक जातींत विधवेचा पाट लागायचा, पण रात्री आणि वाजंत्रीशिवाय. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३मध्ये विधवेशी लग्न करून केवढं धैर्य दाखवलं, हे मी शाळेत शिकले आणि आजही ते मोठंच मानते. पण त्या घरातही मूल होतं ते कर्व्यांचं. गोदूबाई बालविधवा होत्या. मुलांसकट आलेल्या बाईसाठी आपल्या सुधारणेच्या इतिहासातही फारशी पानं नाहीत.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातली एक बाई माझ्याकडे आली. वय एकोणचाळीस. नवऱ्यापासून खुला घेतलेली. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा. ती डबे करायची, पस्तीस-चाळीस डबे. ते पोचवायला एक मुलगा ठेवला होता. मुलगा म्हणजे एकतीस वर्षांचा बाप्या. आधी तो डबे पोचवायचा, मग वसुली करू लागला, मग वही लिहू लागला. वर्षभरात उधारी निम्म्यावर आली. एक दिवस तिनंच त्याला विचारलं. तो हो म्हणाला. आता त्याच्या आईशी कुणी तरी बोलायला हवं होतं, आणि माझी खदीजाबीबींवरची कविता तिनं एका कार्यक्रमात ऐकली होती. कविता लिहिण्याचे असेही परिणाम होतात.

मोहल्ल्यात बोलणं सुरू झालंच होतं. तिची राहती खोली तिच्या नावावर आहे ना, म्हणून. त्याला तयार संसार हवा, म्हणून. तिनं काही खायला घातलं असेल, असंही. डबे होतेच, त्यामुळे तो विनोद फारच चालला. एक शक्यता तेवढी कुणी तोंडातून काढली नाही. ती त्याला आवडली असेल, ही.

मी त्याच्या आईकडे गेले. बाई सरळ होत्या. त्यांनी चहा दिला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “आपा, वो नबी थे. मेरा बेटा नबी नै है.”

यावर काय बोलावं? मी म्हटलं, “त्या वेळी तेही अजून नबी झाले नव्हते. पहिला संदेश आला चाळिसाव्या वर्षी. लग्न झालं पंचविसाव्या. तेव्हा मक्केत ते कोण होते? आईबाप नसलेला, दुसऱ्याचा माल प्रामाणिकपणे विकणारा एक तरुण. खदीजाबीबींनी नबी निवडला नव्हता. हिशेब चोख देणारा, धड बोलणारा माणूस निवडला होता.”

त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी खऱ्या शंका काढल्या. तिला अजून मूल होईल का? तिची मुलं माझ्या पोराला बाप म्हणतील का? लोक मला काय म्हणतील? पहिल्याचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं. दुसऱ्याबद्दल मी म्हटलं, की काय म्हणतील ते मुलांना ठरवू द्या. तिसऱ्याचं उत्तर त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. शेवटी त्यांनी विचारलं, खदीजाबीबींना मेहर किती मिळाला होता? मी सांगितलं, इब्न हिशाम यांच्या ग्रंथात वीस उंटिणी लिहिल्या आहेत. बाई पहिल्यांदा हसल्या. म्हणाल्या, “आमच्याकडे एक स्कूटर आहे. तीही हप्त्यावर.”

पुढच्या जुम्म्याला त्यांनी तिला मुलांसकट जेवायला बोलावलं, आणि दोन महिन्यांनी निकाह झाला. निकाहनंतर तिसऱ्या आठवड्यात मुलांच्या ताब्यासाठी पहिल्या नवऱ्याची नोटीस आली. प्रकरण अजून न्यायालयात आहे. मुलगा आता नऊ वर्षांचा झाला. सात पूर्ण झाली, हा समोरच्या वकिलाचा नवा मुद्दा आहे. तूर्त दोन्ही मुलं आईकडे आहेत. तारखेच्या दिवशी डबे पहाटेच तयार होतात. तो ते पोचवून येतो, तिला स्कूटरवरून न्यायालयात सोडतो आणि नाव पुकारेपर्यंत बाहेर झाडाखाली वही घेऊन बसतो.